धाटावची हवा कोण मोजणार?

धाटावच्या एमआयडीसीत नवा लागलेला माणूस पहिले काही दिवस वासाबद्दल बोलतो. मग बोलणं कमी होतं. वर्षभरानं घरी आलेल्या पाहुण्यानं नाक मुरडलं की हाच त्याला म्हणतो, "कसला वास? आम्हाला तर काही येत नाही." यात तो खोटं बोलत नसतो. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. स्वयंपाकघरात हे सोयीचं असेल, पण रसायनांच्या बाबतीत जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात वाईट उदाहरण हायड्रोजन सल्फाइडचं. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसला तरी नाकाला कळतो. दहा लाखांत एक भाग म्हणजे एक पीपीएम. तोच वायू १०० पीपीएमच्या आसपास गेला की काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच बधिर होते. ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाच्या, टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला म्हणजे वायू गेला. तो खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, कधी तिसराही. अशा बातम्यांत मृतांचा आकडा एकावर का थांबत नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

जुन्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात या वायूची आठ तासांची मर्यादा १० पीपीएम दिली होती. मर्यादा सुचवणारी अमेरिकेतली एसीजीआयएच ही तज्ज्ञांची संस्था २०१० पासून १ पीपीएम म्हणते. दोन्ही आकड्यांपैकी कुठलाही धरला तरी नाकानं तो सांगता येत नाही. त्यासाठी मोजावं लागतं. कामाच्या जागची हवा, धूळ, आवाज, उष्णता मोजून, ती माणसाला आजारी पाडण्याआधी आटोक्यात आणणं हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. कारखान्यांत त्याला इंडस्ट्रियल हायजीन म्हणतात. धाटावला या व्यवसायाची गरज डोळ्यांसमोर आहे, आणि तिथल्याच विज्ञान शिकलेल्या मुलामुलींना तो फारसा ठाऊक नाही.

रोह्याला लागून, कुंडलिकेच्या काठी धाटावची वसाहत आहे. भिऱ्याच्या वीजघरातून सुटणारं पाणी याच नदीतून खाली येतं, त्यामुळे बारमाही पाण्याची सोय. इथे रंगद्रव्यं बनतात, नायट्रो संयुगं बनतात, शेतीची रसायनं आणि औषधांचा कच्चा माल बनतो. सुदर्शन, एक्सेल, दीपक नायट्राइट ही नावं रोहा तालुक्यात घरोघरी माहीत आहेत, कारण घरटी कुणीतरी तिथे किंवा त्यांच्या ठेकेदाराकडे कामाला असतं. मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला लहान कारखानेही बरेच.

धोका म्हटला की इथल्या माणसाला स्फोट आठवतो, आणि ते साहजिक आहे. १२ सप्टेंबर २०२४ रोजी धाटावमधल्या एका कारखान्यात साठवण टाकीवर वेल्डिंगचं काम चालू असताना स्फोट झाला आणि तीन कामगार गेले. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, महाडच्या वसाहतीत स्फोट आणि आगीत ११ जणांचा बळी गेला. असं काही घडलं की पोलीस येतात, आमदार येतात, चौकशी बसते. पण वीस वर्षं रोज थोडी थोडी धूळ आत घेऊन ज्याची फुप्फुसं आखडली, त्याच्या दारात कुणी येत नाही. त्याच्या केसपेपरवर 'दमा' लिहिलेलं असतं आणि गावात म्हणतात, विडी नडली.

आजाराचं मूळ कामात न शोधण्याची ही चूक जुनी आहे आणि ती पहिल्यांदा ज्यानं पकडली तो इटलीतल्या मोडेना गावचा डॉक्टर होता. बर्नार्डिनो रामाझिनी त्याचं नाव. त्याच्या घरचा शौचकूप साफ करायला आलेला माणूस जिवाच्या आकांतानं घाई करत होता. का, म्हणून विचारल्यावर तो म्हणाला, इथे जास्त वेळ थांबलं की डोळे जातात. रामाझिनीनं गावातले असे कामगार तपासले, तर खरंच अनेकांचे डोळे अधू झालेले. मग तो कुंभार, सोनार, सुईणी अशा एकेका धंद्याच्या मागे लागला आणि १७०० साली त्यानं कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक छापलं. डॉक्टरांना त्यानं सांगितलं, रोग्याला जे प्रश्न विचारता त्यांत आणखी एक घाला: तू काम काय करतोस? आपल्याकडच्या किती दवाखान्यांत आजही हा प्रश्न विचारला जातो, ते वाचकांनी स्वतःच्या अनुभवावरून ठरवावं.

धाटावशी जास्त जवळचं उदाहरण १८९५ चं आहे. फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग दिसला. मोजकेच रोगी होते, पण सगळे एकाच प्रकारच्या कामातले. अॅनिलिन आणि तिच्या भाईबंद संयुगांवर तेव्हापासून संशय गेला आणि पुढे बेंझिडिनसारख्या काही संयुगांवरचा आरोप सिद्धही झाला. हा आजार काम सुरू केल्यापासून वीस-तीस वर्षांनीसुद्धा उगवतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो आणि कंपनीचं नावही कधी कधी बदललेलं असतं.

आपल्या घरचं उदाहरण गिरणगावातलं. कोकणातून, त्यात रोहा-माणगावकडूनही, मुंबईच्या कापड गिरण्यांत गेलेल्या माणसांत एक चमत्कारिक तक्रार असायची: सोमवारी छाती आवळते, मंगळवारी जरा बरं वाटतं, शनिवारपर्यंत काहीच नाही. मालकाला वाटायचं, रविवारच्या सुट्टीनंतर कामावर यायचा कंटाळा. कापसाच्या धुळीतल्या जिवाणूंच्या विषारी अंशाला शरीर आठवडाभरात सरावतं, एका सुट्टीत तो सराव मोडतो आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. या रोगाचं नाव बिसिनोसिस. सुरुवातीला सोमवारपुरता असलेला हा त्रास पुढे रोजचा होतो आणि मग फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात धूळ किती, हे मोजून खेचून घेणारी यंत्रणा बसवली असती तर टळण्यासारखा हा आजार होता.

डॉक्टर आणि हे मोजणारा हायजिनिस्ट यांच्या कामातला फरक इथे दिसतो. डॉक्टर माणसाचं रक्त, लघवी, फुप्फुसं तपासतो. विष आत शिरल्यावर त्याची खूण शोधतो. हायजिनिस्ट त्याच्या आधी उभा असतो. विष अजून हवेत किंवा हातमोज्यावर आहे, तेव्हा तो ते मोजतो. दोघांनी एकमेकांचे कागद पाहिले नाहीत तर दोघांचंही काम अर्धवट राहतं, आणि पुष्कळ कारखान्यांत ओएचसीची, म्हणजे कारखान्यातल्या आरोग्य केंद्राची, फाईल एका कपाटात आणि हवेच्या मोजमापाची दुसऱ्या, अशीच स्थिती असते.

आता हे मोजणं प्रत्यक्षात कसं चालतं ते जरा जवळून पाहू. पावडर भरलेली पोती रिअॅक्टरच्या मॅनहोलमधून आत ओतायची आहेत. कामगार याला चार्जिंग म्हणतात. ऑपरेटरच्या कमरेला मुठीएवढा पंप बांधायचा. पंपाची रबरी नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि कॉलरला, नाकापासून एका वितीच्या आत, गाळणीची डबी लावायची. पंप मिनिटाला साधारण दोन लिटर हवा खेचतो. धूळ गाळणीवर बसते. गाळणी आधी आणि नंतर अतिशय बारीक वजनकाट्यावर तोलली की किती धूळ आली ते कळतं, आणि किती लिटर हवा ओढली ते ठाऊक असल्यानं घनमीटरमागे किती मिलिग्रॅम हा हिशेब निघतो. टोल्युइनसारखी वाफ पकडायची तर गाळणीऐवजी काचेची बारीक नळी लावतात. तिच्यात नारळाच्या करवंटीचा कोळसा भरलेला असतो. तो वाफ धरून ठेवतो आणि प्रयोगशाळेत जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर ती मोजतात. अॅनिलिनसाठी कोळशाऐवजी सिलिका जेल. पंपाचा वेग सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तपासायचा. एक नळी उघडून लगेच बंद करून तशीच कोरी पाठवायची, म्हणजे वाहतुकीत काही मिसळलं का ते कळतं. यातलं काहीही अवघड नाही, पण एक पायरी चुकली तर आकडा निरर्थक.

पंप बांधून झाला की खरं काम सुरू होतं, ते म्हणजे बघत उभं राहणं. पोतं ओतताना धूळ उडते हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मॅनहोलशी धूळ ओढणारा हूड बसवलेला असतो. पण पोतं रिकामं झाल्यावर हेल्पर ते झटकतो, छातीशी धरून दाबतो, घडी घालतो आणि कोपऱ्यात टाकतो. त्या दाबण्यात आतली उरलेली धूळ थेट तोंडावर येते, आणि तिथे हूड नसतो. संध्याकाळी तोच हेल्पर कपड्यांवरची पावडर झटकायला कॉम्प्रेस्ड एअरची नळी अंगावर धरतो. एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ऑफिसात बसून ते कधी कळणार नाही. चार तास शेजारी उभं राहिलं तरच दिसतं.

आकडा आला की त्याचा अर्थ लावायचा, आणि तिथे नवशिके फसतात. अॅनिलिनची आठ तासांची सरासरी मर्यादा २ पीपीएम आहे. समजा एका ऑपरेटरनं एक तास १० पीपीएममध्ये चार्जिंग केलं आणि उरलेले सात तास ०.४ पीपीएममध्ये काढले. सरासरी निघते १.६. रिपोर्टवर 'मर्यादेत' असा शिक्का बसतो आणि फाईल बंद होते. पण तो एक तास मर्यादेच्या पाचपट हवेत गेला, हे सरासरीत दिसतच नाही. त्यातून अॅनिलिन, नायट्रोबेंझिन ही मंडळी कातडीतून आत शिरतात. ती रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतात, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, ओठ आणि नखं निळसर पडतात, रक्त चॉकलेटी दिसतं. तोंडावर उत्तम मास्क आहे आणि बुटाच्या चामड्यात अॅनिलिन मुरलेली आहे, तर मास्कचा उपयोग किती? कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, पीव्हीसीच्या सूटमध्ये तर मुळीच नाही, आणि ओलसर कातडीतून रसायन जास्त सहज आत जातं. परदेशातल्या पुस्तकातला आकडा धाटावच्या मे महिन्यात वापरताना हे ध्यानात ठेवायला हवं.

शिफ्टचा मुद्दा त्याहून गंभीर. मर्यादा ठरवल्या आहेत त्या आठ तास काम, सोळा तास विश्रांती हे धरून. ठेकेदाराचा माणूस बारा तास थांबला तर विष जास्त वेळ आत जातं आणि ते बाहेर टाकायला शरीराला कमी वेळ मिळतो. यासाठी ब्रीफ आणि स्काला या दोघांनी १९७५ मध्ये दिलेलं एक सोपं सूत्र जगभर वापरतात. त्यानुसार बारा तासांच्या शिफ्टला मर्यादा निम्मी होते. कुणी डबल मारली, म्हणजे सोळा तास केले, तर ती पाव होते. २ पीपीएमची मर्यादा त्या दिवशी अर्ध्या पीपीएमवर येते. ओव्हरटाइमच्या पगाराचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. हा दुसरा हिशेब हजेरीपटाशेजारी ठेवणारा माणूस कारखान्यात हवा.

आणि मोजून झाल्यावर पुढे काय? बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर असतं, मास्क द्या. हायजिनिस्टच्या लेखी ते शेवटचं उत्तर आहे. आधी विचारायचं, हे रसायन बदलता येईल का? पावडरऐवजी ओला गोळा किंवा द्रावण आणता येईल का? पोत्याऐवजी बंद पाइपातून चार्जिंग करता येईल का? निदान रिकामं पोतं दाबायच्या जागी हूड लावता येईल का? हे सगळं झाल्यावर जे उरेल त्यासाठी मास्क, आणि तोही ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर घट्ट बसतो का ते तपासून. दाढी असली तर हवा कडेनं आत येते. वाफेसाठीचं कार्ट्रिज धुळीला आणि धुळीचं वाफेला चालत नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्यात आरोग्याची कलमं होती, पण त्याला खरे दात आले भोपाळच्या वायुगळतीनंतर. डिसेंबर १९८४ ची ती दुर्घटना झाल्यावर १९८७ मध्ये कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. कामगारांना धोक्याची माहिती देणं, कामावर घेताना आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत वैद्यकीय तपासणी करणं मालकावर बंधनकारक झालं. शंभरावर रसायनांच्या हवेतल्या मर्यादांचा तक्ताही आला. १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या उद्योगानं कामगाराच्या तपासणीच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सोडल्यानंतर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोवर जपाव्यात, असं सांगितलं. वीस-तीस वर्षांनी उगवणाऱ्या आजारांसाठी इतक्या लांबच्या नोंदी लागतातच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेनं घेतली. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात २५० कामगार असले की सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो, असं ती म्हणते.

यात एक गोम आहे. कायदा डॉक्टर मागतो, सेफ्टी ऑफिसर मागतो. हायजिनिस्ट नावाचं पद मात्र सक्तीचं नाही. त्यामुळे नोकरीच्या जाहिरातीत हे नाव क्वचितच दिसेल. ईएचएस म्हणजे पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा अशा नावाखाली ते काम दडलेलं असतं, आणि त्या विभागात आग आणि परमिट यांतच दिवस जातो. ज्याला हवा मोजता येते आणि आकड्याचा अर्थ सांगता येतो असा माणूस तिथे सहसा एकही नसतो, म्हणून असणाऱ्याला किंमत आहे. निर्यात करणाऱ्या कंपन्यांना परदेशी गिऱ्हाईक ऑडिटमध्ये हवेच्या मोजमापाचे रिपोर्ट मागतं. आखाती देशांतल्या तेल कंपन्यांत तर हायजिनिस्ट हे वेगळं, मानाचं पद आहे.

मग शिकायचं कुठे? धाटावच्या मुलाला सगळ्यात जवळचा रस्ता सुरक्षेच्या पदविकेचा. बी.एस्सी. केमिस्ट्री किंवा इंजिनिअरिंग, त्यानंतर कारखान्यातला अनुभव, मग अॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी. मुंबईत शीवला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिथे हा वर्षभराचा अभ्यासक्रम चालतो. तिच्यात इंडस्ट्रियल हायजीनचा स्वतंत्र विभाग आहे आणि छोटे प्रशिक्षणवर्गही होतात. दिवा-रोहा गाडीनं जाता येईल इतकी ही संस्था जवळ आहे. सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेच्या जुन्या नियमांत एक अट होती: बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला पुरेशी यायला हवी. रोह्याच्या पोराकडे ही पात्रता जन्मापासून आहे. उलट आजकाल हेल्पर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे असतात, तेव्हा हिंदीतही बोलता आलं पाहिजे.

नुसत्या हायजीनचं पदव्युत्तर शिक्षण भारतात फार थोड्या ठिकाणी मिळतं. गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या इस्टार संस्थेत इंडस्ट्रियल हायजीन अँड सेफ्टी या विषयात एम.एस्सी. करता येते, अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठाच्या सहकार्यानं तो अभ्यासक्रम उभा राहिला. अहमदाबादला राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था आहे, १९६६ पासूनची. सिलिकोसिसवर तिनं केलेलं काम देशात पायाभूत मानलं जातं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ओएचटीए या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आठवडाभराचे अभ्यासक्रम आहेत: रसायनांचं मोजमाप वेगळं, आवाजाचं वेगळं, उष्णतेचं वेगळं, नियंत्रणाचं वेगळं. एकेक करत गेलं की पुढे सीआयएच या जगभर चालणाऱ्या प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. तिला विज्ञानाची पदवी, ठरावीक विषयांचा अभ्यास आणि काही वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. एमबीबीएस झालेल्यांना असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. रासायनिक कारखान्यात फॅक्टरी मेडिकल ऑफिसर व्हायचं तर असं शिक्षण मागितलं जातं. रोह्या-पेणच्या तरुण डॉक्टरांनी दवाखान्याबरोबर हाही विचार करायला हरकत नाही.

माझं मत विचाराल तर, उत्तम हायजिनिस्ट क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमधून तयार होईल. त्या मुलींना आणि मुलांना जीसी, एचपीएलसी ही तपासणीची यंत्रं चालवता येतात, नमुना कसा बिघडतो ते कळतं, एका दशांशाचं मोल ठाऊक असतं. शिवाय प्लान्टमधला ऑपरेटर त्यांच्या गावचा, कधी काका-मामा. साहेबाला तो सांगणार नाही अशा गोष्टी त्यांना सांगेल: रात्रपाळीला हूडचा पंखा बंद ठेवतात, कारण आवाज फार येतो, ड्रायर उघडताना मास्क काढावा लागतो, कारण काच धुक्यानं भरते. ही माहिती कुठल्याही यंत्रावर येत नाही.

या व्यवसायात अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पगार कंपनी देते आणि मोजायचं कंपनीलाच. नमुने घ्यायचा दिवस नेमका उत्पादन कमी असलेला ठरतो. बाहेरच्या एजन्सीला 'रिपोर्ट मर्यादेतच यायला हवा' असं आडून सुचवलं जातं, आणि दोन तासांत सोळा नमुने उरकणाऱ्या एजन्सीही असतात. कंत्राटी कामगार तर ठेकेदार बदलला की नोंदवहीतूनच नाहीसा होतो. त्याला गेल्या वर्षी काय लागलं, हे यंदा कुणाला सांगता येत नाही. अशा वेळी 'नाही' म्हणता येण्यासाठी पाठीशी व्यावसायिक प्रमाणपत्र आणि दुसरीकडे नोकरी मिळेल याची खात्री लागते. म्हणून शिक्षण पक्कं करून मगच यात उतरावं.

आणि हे शास्त्र फक्त एमआयडीसीच्या फाटकाआत चालतं असंही नाही. रोह्याहून तासाभरावर पेण आहे, आणि पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने. वर्षातले कित्येक महिने तिथे मूर्ती पॉलिश पेपरनं घासल्या जातात, स्प्रे गननं रंगवल्या जातात. पांढरी धूळ आखणी करणाऱ्याच्या भुवयांवर बसते. प्लास्टर वाईट आणि शाडू चांगला, हे पर्यावरणाच्या दृष्टीनं खरं असेल. पण मातीत सिलिकाचा अंश असतो आणि वाळलेली शाडूची मूर्ती कोरडीच घासली तर ती धूळही फुप्फुसाला भली नाही. उपाय स्वस्त आहेत. ओल्या स्पंजानं घासणं, स्प्रेचं काम एका कोपऱ्यात घेऊन मागे बाहेर फेकणारा पंखा लावणं, जेवणाची जागा वेगळी ठेवणं. बहुतेक कारखाने घरगुती, मोजक्या माणसांचे. कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. रायगडमधल्याच लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या किंवा एखाद्या विज्ञान महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी चार पंप घेऊन एका हंगामात ही धूळ मोजली, तर तो प्रकल्प कपाटात पडून राहणार नाही.

जे आधीच धाटावमध्ये काम करतात त्यांना तोवर थांबायचं कारण नाही. स्वतःच्या आरोग्याबद्दलची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क जुन्या कायद्यात होता, नव्या संहितेतही आहे. तीन कागद मागा: तुम्ही हाताळता त्या रसायनाचं माहितीपत्रक, जमलं तर मराठीत, तुमच्या खात्यातल्या हवेच्या मोजमापाचा शेवटचा रिपोर्ट, नमुना किती वेळ घेतला त्या नोंदीसह, आणि तुमच्या वैद्यकीय तपासणीची प्रत. ती प्रत घरी जपून ठेवा, नोकरी बदलली तरी. आणि ज्यांच्या घरात यंदा कुणी बी.एस्सी. केमिस्ट्री झालं असेल त्यांनी शीवच्या लेबर इन्स्टिट्यूटचं प्रवेशाचं वेळापत्रक एकदा जरूर पाहावं.